शोल म्हणजे उथळ जागा की माशांचा थवा? दोन्ही, आणि समुद्रावर दोन्हीची गल्लत खरंच होते

तुमचा प्रश्न असा आहे की समुद्रावरच्या एका मजकुराचं भाषांतर करताय, त्यात एका ठिकाणी जहाज शोल टाळायला वळतं आणि दुसऱ्या ठिकाणी शोल उत्तरेकडे सरकतो, डिक्शनरीत या एकाच शब्दाला उथळ जागा पण दिलंय आणि माशांचा थवा पण, मग कुठे काय धरायचं, आणि मासे उथळ पाण्यात जमतात म्हणून दोन्हीला एकच नाव पडलं का. मी सर्व्हे बोटींवर इको साउंडर (आवाज सोडून खोली मोजणारं यंत्र) लावून तळ मोजण्याचं काम बरीच वर्षं केलंय त्यामुळे हा शब्द दोन्ही अर्थांनी कानावर पडत आलाय, म्हणून जरा लांबण लावतो, कारण प्रश्न दिसायला डिक्शनरीचा आहे पण खरी गंमत पाण्यात आहे.

आधी व्युत्पत्ती उरकून टाकू. हे दोन वेगळे शब्द आहेत, इंग्रजीत योगायोगाने स्पेलिंग आणि उच्चार एक झाला एवढंच. उथळ जागेचा शोल हा जुन्या इंग्रजीतल्या उथळ अशा अर्थाच्या विशेषणावरून आलाय, शॅलो हा शब्द त्याच घरातला. माशांचा शोल मात्र टोळी, जमाव या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे, डचमध्ये त्याचा भाऊबंद आहे, आणि 'स्कूल ऑफ फिश' मधलं स्कूल पण तिकडूनच आलंय. म्हणजे माशांच्या स्कूलचा शाळेशी काही संबंध नाही, शाळावालं स्कूल ग्रीकमधून लॅटिनमार्गे आलं आणि त्याचा मूळ अर्थ चक्क फुरसत असा होता. तर मासे उथळ पाण्यात जमतात म्हणून नाव पडलं ही कल्पना छान आहे पण खरी नाही. मराठीत हा घोळ नाहीच, आपल्याकडे उथळ जागा वेगळी आणि थवा वेगळा, म्हणून भाषांतर करताना प्रत्येक वेळी ठरवावं लागतं.

ठरवायचं कसं, तर शब्दाच्या आजूबाजूला काय आहे ते बघा. उथळ शोलला खोली असते, अक्षांश-रेखांश असतात, जवळपास एखादा बोया असतो, त्यावर लाटा फुटतात, त्यावर जहाज चढतं किंवा रुततं. माशांच्या शोलला जात असते, वेग असतो, दाटी असते, मागे कोणीतरी शिकारी लागलेला असतो, आणि बहुतेक वेळा पुढे 'ऑफ' येऊन माशाचं नाव येतं. अनेकवचनी शोल्स विशेषनामाला चिकटून आलं, म्हणजे नँटकेट शोल्स, डायमंड शोल्स, फ्राइंग पॅन शोल्स, तर डोळे मिटून उथळ जागा धरा. जहाज शोल टाळायला वळतं हे वाक्य उथळ जागेचं, कारण मालवाहू जहाज माशांसाठी वळत नाही आणि मच्छीमार बोट माशांपासून लांब नाही तर माशांकडे वळते. आता शोल उत्तरेकडे सरकतो या वाक्यावर मात्र लगेच मासे लिहून मोकळे होऊ नका, कारण वाळूचे शोल पण सरकतात! तिथे काळ बघायचा, तासाभरात किंवा रात्रीतून सरकला तर मासे, वर्षानुवर्षांत सरकला तर वाळू.

उथळ अर्थाबद्दल आता जरा नीट. समुद्रतळाच्या आकारांना नावं द्यायची जी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे त्यात शोल, बँक आणि रीफ हे तीन वेगळे धरलेत. शोल म्हणजे आजूबाजूच्यापेक्षा पाणी बरंच कमी आणि वरून जाणाऱ्या जहाजाला धोका, आणि तो सुट्या मालाचा म्हणजे वाळू, चिखल, गोटे असल्या गोष्टींचा बनलेला. रीफ म्हणजे पण उथळच पण घट्ट, म्हणजे खडक किंवा प्रवाळ. आणि बँक म्हणजे तळ वर आलेला आहे पण जहाज आरामात जाईल इतकं पाणी अजून आहे, उत्तर समुद्रातली डॉगर बँक घ्या, साधारण १५ ते ३६ मीटर पाणी. नदीच्या किंवा खाडीच्या तोंडावर आडवा साचतो तो वाळूचा दांडा, त्याला बार म्हणतात, तो पण शोलच्याच जातीचा पण त्याचा आकार लांबट आणि किनाऱ्याशी नातं असलेला.

ही झाली व्याख्या, प्रत्यक्षात नावं ठेवणारे खलाशी व्याख्या वाचून नावं ठेवत नव्हते. दक्षिण चीन समुद्रातला स्कारबरो शोल, बातम्यांत सारखा येतो तो, हा सुट्या वाळूचा ढिगारा नाहीये, ते प्रवाळाचं कडं आहे आणि मध्ये खाजण, आणि त्याला नाव अठराव्या शतकात तिथे आपटलेल्या स्कारबरो नावाच्या जहाजावरून पडलं. नावात शोल आहे म्हणून कायद्यात पण तो शोल असंही नाही. फिलिपिन्स-चीन वादातल्या २०१६ च्या लवादाच्या निकालात स्कारबरो शोलला 'रॉक' ठरवलं, कारण भरतीला पण त्याचे काही दगड पाण्यावर राहतात, म्हणजे १२ सागरी मैलांचा प्रादेशिक समुद्र मिळू शकतो पण विशेष आर्थिक क्षेत्र नाही. आणि सेकंड थॉमस शोल, जिथे फिलिपिन्सने १९९९ मध्ये मुद्दाम नौदलाचं एक जुनं जहाज चढवून ठेवलंय, तो फक्त ओहोटीला उघडा पडणारा उंचवटा ठरला, त्याला स्वतःचं असं काहीच मिळत नाही. तेव्हा भाषांतरात अशा विशेषनामाचं 'स्कारबरो उथळ' वगैरे करू नका, स्कारबरो शोलच ठेवा. नदीत पण शोल असतात, अमेरिकेतल्या टेनेसी नदीवरच्या मसल शोल्सला नदी उथळ आणि खळखळती होती, बोटींना जाता यायचं नाही, मग १९२४ मध्ये पूर्ण झालेल्या विल्सन धरणाच्या पाण्याखाली ते शोल गेले, गावाचं नाव तेवढं राहिलं.

चार्टवर, म्हणजे समुद्री नकाशावर, शोल वाचताना एक गोष्ट नव्या लोकांच्या लक्षात येत नाही. चार्टवरचा खोलीचा आकडा हा आत्ता तिथे किती पाणी आहे तो नसतो. तो चार्ट डेटमपासून मोजलेला असतो, म्हणजे साधारणपणे खगोलीय गणितानुसार पाणी जितकं खाली जाऊ शकतं त्या पातळीपासून, म्हणून प्रत्यक्ष पाणी बहुतेक वेळा जास्तच असतं, उधाणाच्या भरतीला तर पुष्कळ जास्त. आणि दुसरं, आम्ही एका चौकोनात हजारो साउंडिंग, म्हणजे खोलीची मापं, घेतो पण चार्टवर छापायला जागा दोन-चार आकड्यांचीच, मग कुठले निवडायचे? सरासरी कधीच नाही. सगळ्यात उथळ आकडा आधी. याला आमच्यात शोल बायस म्हणतात, म्हणजे चुकायचंच असेल तर उथळाच्या बाजूने चुका. समजा एका जागी ११, १२, १२, ७, १२ मीटर मिळाले तर सरासरी जवळपास ११ येते आणि ती छापली तर ९ मीटर ड्राफ्टचं (म्हणजे पाण्याखाली ९ मीटर असलेलं) जहाज ७ वर जाऊन बसेल. म्हणून ७ छापायचा, आणि तो ७ खरा आहे का याची खातरजमा करायला परत त्यावरून आडव्या-उभ्या लाइनी मारायच्या. या खातरजमेत आमचा निम्मा जीव जातो, पण ते पुढे सांगतो.

ड्राफ्टवरून आठवलं, शोलवर जहाज लागायला पाणी ड्राफ्टपेक्षा कमीच असायला पाहिजे असंही नाही. उथळ पाण्यात जहाज वेगाने गेलं की त्याच्या बुडाखालचं पाणी वेगाने मागे जातं, तिथला दाब कमी होतो, आणि जहाज खाली बसतं, याला स्क्वॉट म्हणतात. ढोबळ हिशोब असा की मोकळ्या उथळ पाण्यात वेगाचा (नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत) वर्ग गुणिले ब्लॉक कोइफिशंट (जहाजाचा बुडालेला भाग ठोकळ्यासारखा किती भरीव ते सांगणारा आकडा) भागिले १००, उत्तर मीटरमध्ये. ब्लॉक कोइफिशंट ०.८ चं जाडजूड जहाज १२ नॉटने गेलं तर सव्वा मीटरच्या जरा आत बसेल, तेच ६ नॉटने गेलं तर ३० सेंटीमीटरसुद्धा नाही. वेग अर्धा केला की स्क्वॉट पाव होतो हे लक्षात ठेवलं तरी पुरे. ७ ऑगस्ट १९९२ ला क्वीन एलिझाबेथ २ हे प्रवासी जहाज अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्सजवळ कटीहंक बेटाच्या बाहेर लागलं त्यात या सगळ्याच गोष्टी एकत्र आल्या होत्या: चार्टवर ३९ फूट, तो आकडा १९३९ च्या सर्व्हेचा, जहाजाचा ड्राफ्ट साधारण ३२ फूट, वेग २५ नॉटच्या आसपास, स्क्वॉट अंदाजापेक्षा जास्त, आणि खाली चार्टवर न दाखवलेला खडकाळ उंचवटा. कागदावर सात फूट शिल्लक दिसत होते. जुन्या सर्व्हेत शिसाचा गोळा दोरीला बांधून सोडायचे आणि तो जिथे पडला तिथलीच खोली कळायची, दोन गोळ्यांच्या मधला दगड तसाच राहून जायचा. (त्या गोळ्याच्या बुडाला चरबी लावायचे, तिला वाळू, शिंपले, चिखल जे चिकटेल त्यावरून तळ कसला ते कळायचं, चार्टवर खोलीच्या शेजारी जी वाळू-चिखलाची अक्षरं दिसतात ती परंपरा तिथली.) आता मल्टिबीम, म्हणजे एकदम अनेक झोत सोडणारा साउंडर आहे, तो पट्ट्याच्या पट्ट्याने तळ झाडून काढतो, तरीही जगाच्या समुद्रतळाचा साधारण चौथा हिस्साच आधुनिक पद्धतीने नीट मोजून झालाय.

शोलचं क्रियापद पण आहे आणि तिथे तिसराच घोळ होतो. 'वॉटर शोल्स' म्हणजे पाणी कमी कमी होत जातं. 'वेव्ह शोलिंग' म्हणजे लाट उथळ पाण्यात शिरल्यावर तिचं जे होतं ते. लाटेला तळ लागायला लागतो तो तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीला, म्हणजे १० सेकंदांची लाट खोल पाण्यात साधारण १५६ मीटर लांब असते, ती ७८ मीटर पाण्यातच तळाची दखल घ्यायला लागते. मग तिचा वेग कमी होतो, लांबी आखडते, पण १० सेकंदांचा ठेका तोच राहतो, आणि ऊर्जा कमी जागेत कोंडली गेल्यामुळे उंची वाढते. उंची पाण्याच्या खोलीच्या पाऊण पटीच्या वर गेली की लाट फुटते, म्हणजे दोन मीटरची लाट अडीच मीटर पाण्यावर फुटेल. म्हणून मोकळ्या समुद्रात मध्येच पांढरी रेघ दिसली की खाली शोल आहे असं खलाशी धरून चालतात. त्सुनामीचं गणित हेच पण भयंकर प्रमाणावर, ४००० मीटर खोलीत तिचा वेग ताशी ७०० किलोमीटरच्या वर, १० मीटर पाण्यात आली की ताशी ३६ च्या आसपास, आणि नुसत्या शोलिंगमुळे उंची साडेचार पटीच्या जवळ जाते. तर मजकुरात शोलिंग दिसलं की ते लाटांचं आहे, तळ वर येण्याचं आहे की माशांच्या एकत्र येण्याचं आहे हे बघा, तिन्ही वापर चालू आहेत.

आता मासे. इथे शोल आणि स्कूल हे दोन शब्द रोजच्या बोलण्यात एकच आहेत, पण माशांच्या वागण्यावर काम करणारे लोक त्यात फरक करतात. मासे आपणहून, एकमेकांच्या सोबतीसाठी एकत्र राहिले की तो शोल, मग कोण इकडे तोंड करून चरतोय, कोण तिकडे, चालतं. तेच मासे सगळे एका दिशेला, एका वेगाने, एकत्र वळत पोहायला लागले की ते स्कूल. म्हणजे प्रत्येक स्कूल हा शोल असतो पण प्रत्येक शोल स्कूल नसतो. आणि नुसतं खाणं पडलंय म्हणून किंवा सावली आहे म्हणून जमलेले मासे, ज्यांना एकमेकांशी काही देणंघेणं नाही, ते शोल पण नाहीत, ती गर्दी. मराठीत मी शोलला थवा आणि स्कूलला शिस्तीत पोहणारा थवा असं काहीतरी लिहीन, नवा जड शब्द घडवायची गरज मला तरी वाटत नाही. एकच थवा दिवसात अनेकदा शोल-स्कूल-शोल होतो, चरताना सैल, धोका दिसला की आवळतो.

हे जमतं कसं याच्यावर भरपूर काम झालंय. डोळे तर लागतातच, पण माशाच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक संवेदनशील रेघ असते, पार्श्वरेखा म्हणतात, तिला पाण्यातली बारीक हालचाल कळते. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सेथ जातीच्या माशाचे डोळे झाकले तरी तो थव्याबरोबर पोहत राहिला. म्हणजे डोळे अंतर राखायला आणि पार्श्वरेखा शेजाऱ्याचा वेग-दिशा पकडायला, असं ढोबळ मानतात. नेता वगैरे कोणी नसतो. १९८७ मध्ये क्रेग रेनॉल्ड्सने कॉम्प्युटरवर दाखवलं की तीनच नियम दिले, शेजाऱ्याला धडकू नको, शेजारी जिकडे तिकडे तू, आणि घोळक्याच्या मध्याकडे राहा, तर पडद्यावर थवा आपोआप तयार होतो. जपानी संशोधक आओकीने माशांसाठी असंच मॉडेल १९८२ मध्येच मांडलं होतं पण प्रसिद्धी रेनॉल्ड्सला जास्त मिळाली, कारण सिनेमावाल्यांना त्याचं उपयोगी पडलं.

का करतात, तर मुख्यतः शिकाऱ्यामुळे. हजारात एक असलो तर आपल्यावर झडप पडायची शक्यता कमी, शिवाय चकाकणाऱ्या अंगांच्या गर्दीत शिकाऱ्याला एकावर नजर ठेवता येत नाही, आणि जास्त डोळे म्हणजे धोका लवकर दिसतो. म्हणूनच थव्यातले मासे आकाराने सारखे असतात, वेगळा दिसणारा पहिला उचलला जातो. पण याचा उलटा उपयोग करणारे पण आहेत, डॉल्फिन आणि टुना थव्याला आवळून पृष्ठभागाकडे ढकलतात, वरून पक्षी, खालून हे, आणि आवळलेला गोळा, ज्याला बेट बॉल म्हणतात, बघता बघता संपतो. आणि माणसाची पर्स सीन, म्हणजे थव्याला वेढून खालून आवळायची, जाळी तर थव्याच्या या आवळून घेण्याच्या सवयीवरच चालते, मासे जितके घाबरून जवळ येतील तितकं जाळीवाल्याचं सोपं. रात्री बरेच थवे सैल होतात कारण दिसत नाही, हे साउंडरवर अगदी स्वच्छ दिसतं, दिवसा ठसठशीत डाग, रात्री पसरलेला धुरकट थर.

आणि इथे आपण त्या खातरजमेकडे येतो, कारण शोल आणि शोल यांची गल्लत फक्त डिक्शनरीत नाही, साउंडरच्या पडद्यावर पण होते. साउंडर काय करतो, आवाज खाली सोडतो, परत यायला लागलेला वेळ मोजतो, पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो त्यावरून खोली काढतो. त्या बिचाऱ्याला आवाज कशावरून परत आला ते माहीत नाही. बऱ्याच माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, वाताशय, आणि पाण्यात हवा ही आवाजासाठी जवळपास भिंत आहे, माशाच्या परत येणाऱ्या प्रतिध्वनीतला ९० टक्क्यांच्या वरचा वाटा त्या पिशवीचाच असतो. त्यामुळे दाट थवा साउंडरवर तळासारखा ठणठणीत दिसू शकतो. उलट अटलांटिक मॅकरेलला ती पिशवी नसते, म्हणून त्याचा मोठा थवा पण फिकट दिसतो.

याचा सगळ्यात मोठा नमुना म्हणजे खोल समुद्रातला तो 'खोटा तळ'. १९४२ मध्ये अमेरिकेत पाणबुड्या आवाजाने शोधायच्या सोनार यंत्रावर प्रयोग चालले होते, तेव्हा हजारो मीटर खोल पाण्यात साधारण ३०० ते ५०० मीटरवर एक सलग थर दिसायला लागला. तळ असता तर हललाच नसता, हा मात्र संध्याकाळी वर यायचा आणि पहाटे परत खाली जायचा. मार्टिन जॉन्सन या शास्त्रज्ञाने सांगितलं की हे जिवंत प्राणी आहेत, रोज रात्री वर चरायला येतात. त्यात कंदीलमासे, कोळंबीसारखे जीव, जेलीफिशचे नातेवाईक असं बरंच काही असतं. पण हे सगळ्यांना कळेपर्यंत आणि कळल्यावर सुद्धा, जहाजांनी जाता जाता साउंडरवर कमी खोली बघितली आणि कळवली, आणि चार्टवाल्यांनी ती छापली. छापणारच, कारण नसलेला शोल छापला तर जहाजाला थोडा वळसा पडेल, असलेला नाही छापला तर माणसं मरतील. म्हणून मोकळ्या महासागरात चार्टवर असे आकडे दिसतात ज्यांच्या शेजारी ई डी लिहिलेलं असतं, म्हणजे अस्तित्व शंकास्पद, किंवा पी डी, म्हणजे जागा शंकास्पद, किंवा 'रेप' (इंग्रजी रिपोर्टेडचं लघुरूप) आणि कंसात वर्ष, म्हणजे अमुक साली कोणीतरी कळवलं. सगळेच साउंडरचे घोळ नाहीत, दक्षिण पॅसिफिकमधला मारिया थेरेसा रीफ हा १८४३ मध्ये एका व्हेलशिकारी जहाजाने कळवलेला, तेव्हा साउंडर कुठे होता, आणि तो नंतर कोणाला सापडला नाही. पाण्याचा बदललेला रंग बघून पण असे रिपोर्ट जायचे, आणि रंग तर शेवाळामुळे, प्लवकांमुळे म्हणजे तरंगत्या बारीक जीवांमुळे, माशांच्या थव्यामुळे पण बदलतो.

मग आम्ही ओळखतो कसं? पहिलं, थव्याखाली खरा तळ दिसतो का ते बघायचं. थवा कितीही दाट असला तरी थोडा आवाज आरपार जातो आणि खाली तळाची रेघ पुढे चालू राहते, शोल असेल तर रेघच वर चढते आणि खाली काही नाही. दुसरं, खऱ्या तळाचा प्रतिध्वनी पृष्ठभागावर आपटून परत खाली जाऊन परत येतो, त्यामुळे दुप्पट खोलीवर दुसरी फिकट रेघ दिसते, थव्याला अशी जोडी सहसा मिळत नाही. तिसरं, दोन फ्रिक्वेन्सी असतील, समजा ३८ आणि २०० किलोहर्ट्झ, तर तळ दोन्हीवर तळच दिसतो, जीवांचा थर मात्र एकावर ठळक आणि दुसऱ्यावर फिका असा बदलतो. चौथं आणि सगळ्यात भरवशाचं, परत जा. दुसऱ्या दिशेने, दुसऱ्या वेळी, भरती बदलल्यावर. मासे थांबत नाहीत. आणि हो, साउंडरच्या सेटिंगचा एक घोळ असतो तो मासे पण नाही आणि तळ पण नाही: सेकंदाला एक आवाज सोडताय म्हणजे ७५० मीटरपर्यंतचाच प्रतिध्वनी वेळेत येतो, पाणी ८०० मीटर असेल तर त्याचा प्रतिध्वनी पुढचा आवाज सुटल्यानंतर येतो आणि मशीन आनंदाने ५० मीटर दाखवतं. रेंज, म्हणजे किती खोलीपर्यंत बघायचं ते सेटिंग, बदलून बघितली की हा शोल गायब. नव्या मुलांना मी साउंडरने अचानक कमी पाणी दाखवलं की आधी वेग कमी करायला सांगतो, मग रेंज बदलायला, मग मासे आहेत का विचारायला. हा क्रम उलटा करायचा नाही.

आता तुमच्या प्रश्नातला तो शेवटचा भाग, मासे आणि उथळ जागेचा संबंध. शब्दात नाही पण समुद्रात आहे. उथळ बँकांवर भरती-ओहोटीचे प्रवाह पाणी तळापासून घुसळतात, खालचं खत वर येतं, उजेड तळापर्यंत पोचतो, प्लवक वाढतात, मागे मासे. डॉगर बँक, न्यूफाउंडलंडची ग्रँड बँक्स, जॉर्जेस बँक ही मासेमारीची नावाजलेली ठिकाणं उगाच नाहीत. जॉर्जेस बँकेवर हेरिंग अंडी घालायला जमतात त्याचं एक सुंदर निरीक्षण २००९ मध्ये प्रसिद्ध झालं, एकाच वेळी प्रचंड पट्टा दिसेल अशा सोनारने बघितलं तर दर चौरस मीटरला ०.२ मासे इतकी दाटी झाली की एखादी लाट पसरावी तशी साखळी सुरू होते आणि थोड्या वेळात कित्येक किलोमीटरचा, कोट्यवधी माशांचा एकच शोल बनतो, आणि तो संध्याकाळनंतर बँकेच्या उथळ भागाकडे सरकतो. अंधार झाल्यावर उथळात अंडी घालायची आणि उजाडल्यावर परत खोलात. म्हणजे शोल शोलकडे गेला असं वाक्य इंग्रजीत कोणी लिहिलं तर ते खरंच बरोबर असेल, तुमची भाषांतराची मात्र पंचाईत.

एक गोष्ट भाषांतरापलीकडची आहे पण मासेमारीच्या आकड्यांबद्दलचा मजकूर असेल तर कामाला येईल. थवा करणाऱ्या माशांचा साठा कमी झाला तरी थव्यातली दाटी कमी होत नाही, उरलेले मासे तसेच जवळ येतात, फक्त थव्यांची संख्या किंवा त्यांनी व्यापलेली जागा घटते. मच्छीमार साउंडरने नेमका थवा शोधून त्यावरच जाळं टाकतो, त्यामुळे दर फेरीची मासळी भरपूरच राहते आणि कागदावर सगळं ठीक दिसतं, अगदी शेवटपर्यंत. पेरूच्या अँकोव्हेटा माशाची पकड १९७० मध्ये १ कोटी २० लाख टनांच्या वर गेली होती आणि १९७२ च्या एल निनोनंतर, म्हणजे पॅसिफिकचं पाणी गरम होण्याच्या काळानंतर, ती कोसळली, त्यात गरम पाण्याचा हात मोठा होता पण आधीची बेसुमार मासेमारी पण होती. ग्रँड बँक्सवरच्या कॉडमध्ये पण हेच, साठा आटत असताना उरलेले मासे ठराविक जागी दाट जमलेले राहिले, ट्रॉलरांना (जाळं ओढत नेणाऱ्या बोटींना) मिळत राहिले, आणि १९९२ च्या जुलैमध्ये कॅनडाला मासेमारीच बंद करावी लागली. म्हणून साठ्याचा अंदाज घेणारे सर्व्हे मासे कुठे आहेत ते विचारून जात नाहीत, आधीच आखून ठेवलेल्या समांतर लाइनींवर जातात, खाली काही दिसो न दिसो, आणि रिकाम्या लाइनी पण तितक्याच काळजीने नोंदवतात. मजकुरात झीरो कॅच (मासळी शून्य) किंवा एम्प्टी ट्रान्सेक्ट (रिकामी लाइन) असं काही आलं तर ते सर्व्हे फसल्याचं समजून भाषांतर करू नका, ती पण मोजणीच आहे.